परागकणांचा डेटा परदेशी ग्रुपला पाठवताय? आधी शून्य आणि रिकामं वेगळं करा

एरोबायोलॉजीत, म्हणजे हवेतल्या परागांच्या अभ्यासात, येऊ पाहणारी गोव्यातली मुलं हल्ली बरीच विचारतात, की बाहेरच्या ग्रुपबरोबर डेटा शेअर करून पेपर कसा निघेल. टेपला ग्रीस कसं लावायचं, फुक्सिन (पराग रंगवायचा रंग) घातलेली जेली कशी करायची हे तुम्हाला एमएस्सीत शिकवलेलं असणार, ते मी परत सांगत नाही. मला एकाच गोष्टीवर नीट बोलायचंय, कारण तिच्यापायी माझा बराच काळ फुकट गेला आणि आजही आठवलं की जीव कासावीस होतो.

आपण सगळे वापरतो तो हर्स्टचा ट्रॅप, हवा ओढून तिच्यातले पराग ड्रमवरच्या चिकट टेपवर पकडणारं मशीन, १९५२ चं डिझाइन. पंप मिनिटाला १० लिटर हवा ओढतो आणि ड्रम तासाला २ मिमी सरकतो, म्हणजे एका दिवसाची ४८ मिमी पट्टी. आता लक्ष देऊन वाचा. पुष्कळ मशीनमध्ये पंप चालतो विजेवर, पण ड्रम फिरतो चावीच्या घड्याळावर. जूनमध्ये फोंड्याला पहिला जोराचा पाऊस आला की लाईट जाते, पंप बंद पडतो, आणि ड्रम मात्र आपला फिरतच राहतो! तेवढी टेप कोरी जाते. नंतर मायक्रोस्कोपखाली स्वच्छ पट्टी दिसते, एकही पराग नाही, आणि मोजणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे शून्य लिहितो. पण त्या वेळी हवेत काय होतं ते कुणी मोजलेलंच नसतं. ती जागा रिकामी राहायला हवी, शून्य नव्हे.

माझ्याकडे आधीच्या प्रोजेक्टची एक्सेल शीट आली तेव्हा त्यात लाईट गेलेले दिवस, चवथीच्या सुट्टीत ड्रम बदलायला कुणी गच्चीवर गेलं नाही ते दिवस, पंप रिपेअरला होता तो काळ, सगळीकडे शून्यच भरलेलं होतं. सेल रिकामा दिसला की वरून विचारणा होते, म्हणून भरून टाकायची सवय. परदेशातल्या पार्टनरने ते आर या आकडेवारीच्या प्रोग्राममध्ये चालवलं आणि कळवलं, की तुमच्याकडे सप्टेंबरात गवताचे पराग जवळपास नाहीतच. सप्टेंबरात? पाऊस ओसरतो तेव्हा तर आपल्या पठारांवरचं गवत फुलोऱ्यावर येतं. तिथून शोधाशोध सुरू झाली, आणि वाचवलं कुणी तर आमच्या लॅबमधल्या मावशींनी. त्यांच्या वहीत हजेरीच्या खाली पेनाने लिहिलेलं असायचं, ‘लाईट गेली ११ वाजता, ३ नंतर आली’. ती वही नसती तर अख्खा डेटा टाकून द्यावा लागला असता.

हे एवढं लांबवतोय कारण नवीन लोकांना वाटतं, दोन-चार शून्यांनी काय बिघडतं. बिघडतं. परागांचा सीझन कधी सुरू झाला हे बऱ्याचदा वर्षाच्या एकूण बेरजेच्या टक्क्यांवरून काढतात, उदाहरणार्थ बेरजेचे २.५ टक्के भरले तो दिवस. खोटी शून्यं घातली की बेरीज घटते आणि तारखा सरकतात. सेल रिकामा असेल तर प्रोग्रामला निदान कळतं, छोटं भगदाड आजूबाजूच्या दिवसांवरून भरता येतं, मोठं असेल तर ते वर्ष बाजूला ठेवता येतं. शून्य दिसलं की त्याला काहीच कळत नाही, तो ते खरं मानतो.

आणि खऱ्या शून्यालाही मर्यादा आहे. समजा तुमच्या फील्डचा (मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणाऱ्या वर्तुळाचा) व्यास ०.४५ मिमी आणि तुम्ही पट्टीच्या लांबीभर चार रेघा मोजल्या, तर १४ बाय ४८ मिमीच्या पट्टीपैकी जेमतेम १३ टक्के भाग बघितलात. दिवसाची हवा १४.४ घनमीटर, म्हणजे तुम्हाला दिसलेल्या एका परागाचे घनमीटरला साधारण ०.५४ होतात. म्हणून बाहेर पाठवताना तयार आकड्यासोबत कच्ची मोजणी, किती रेघा आणि फील्डचा व्यास हेही पाठवाच. पंपाचा फ्लो किती तासांनी, कुठल्या मीटरने तपासला तेही. युरोपात यासाठी २०१९ पासून ईएन १६८६८ हे स्टँडर्ड आहे, समोरचा माणूस तुमचा डेटा त्याच नजरेने बघणार.

वेळेचं पटकन सांगतो. बाहेरचे ग्रुप यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आपण तिच्या साडेपाच तास पुढे, आणि तो अर्धा तास तासातासाच्या डेटात फार छळतो, तेव्हा कॉलममध्येच वेळ कुठली ते लिहा.

नावांचं मात्र जपा. युरोपातले परागांचे रोजचे अंदाज मुख्यतः बर्च, आल्डर, ऑलिव्ह, रॅगवीड, मगवर्ट आणि गवत यांच्यावर उभे आहेत. त्यातलं गवत सोडलं तर आपल्या कामाचं फारसं काही नाही, आपल्याकडे माड, काजू, सुरू, अकेशिया. ऑटोमॅटिक मशीन शिकवलं जातं तेवढंच ओळखतं. सुरूचा परागही तीन छिद्रांचा आणि बर्चचाही, तेव्हा मिरामारच्या सुरूंना कुणी बर्च म्हटलं तर गप्प बसू नका, स्वतःच्या रेफरन्स स्लाईड दाखवा. त्या स्लाईड स्वतः बनवा, ताज्या फुलातून, अ‍ॅसिटोलिसिस (आम्लाने पराग साफ करणं) न केलेल्यासुद्धा, कारण टेपवर पराग तसाच येतो. तयार फोटो बघून शिकण्याच्या शॉर्टकटवर माझा काडीचा विश्वास नाही. आणि गाईड निवडताना बघा की तो स्वतः मायक्रोस्कोपला बसतो का. परदेशातल्या ओळखी भरपूर, पण वर्षानुवर्षं स्लाईड न बघितलेला गाईड तुमचं शून्य कधीच पकडू शकणार नाही.

घाबरू मात्र नका. आपल्या किनाऱ्यावरचा सलग डेटा फार थोडा आहे, त्यामुळे मधे भगदाडं असलेली पण नीट खुणा केलेली फाईलसुद्धा लोकांना हवी असते. मी दुरुस्त केलेली फाईल पाठवली तेव्हा पार्टनर चिडला नाही, उलट लाईट जाण्याचा वेगळा कॉलमच मागितला त्याने.

पाठवायच्या आधी दोन गोष्टी लेखी घ्या, डेटा कोणाचा आणि पेपरवर नाव कोणाचं. आकडे सोडून स्लाईड किंवा पराग पाठवायचे असतील तर २००२ चा जैवविविधता कायदा मधे येतो, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे आधी विचारा, कुरिअर बुक करून मग नाही. आणि आज संध्याकाळी गच्चीवर जाल तेव्हा ट्रॅपशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवा, पेनासकट, प्लॅस्टिकच्या पिशवीत.