टाळूवरची गाठ आणि चहाचा चटका

ईएनटीच्या (कान-नाक-घशाच्या) रेसिडेन्सीत आपली नजर तंबाखू घडवते. गालातली जखम, न उघडणारं तोंड आपण दारातूनच ओळखतो. पण जखमच नसलेला कॅन्सर समोर येऊन बसला तरी दिसत नाही. मला दिसला नाही.

दुसऱ्या वर्षाला होते. एका मावशींच्या तोंडात, टाळूवर सुपारीएवढी गुळगुळीत गाठ. तंबाखू नाही, मिश्री नाही. सुईच्या तपासणीत प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा आला, म्हणजे साधी गाठ. जीव भांड्यात पडला. एमआरआयची तारीख लांबची होती. न थांबता गाठ काढून मोकळे झालो. हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीत, अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला; कडेला त्याच्या पेशी शिल्लक, संवेदनेच्या नसेभोवती वेढा. नंतर मावशी म्हणाल्या, "त्या बाजूला चहाचा चटका वर्षभर कळतच नाही. तुम्ही विचारलंच नाही की."

पॅरोटिडच्या, म्हणजे कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीच्या, बहुतेक गाठी साध्या असतात; तोच हिशेब टाळूवर लावू नका. तिथल्या छोट्या लाळग्रंथींच्या गाठींत साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात. सुईत येतात थोड्याच पेशी, आणि त्यांवरून अ‍ॅडिनोमा आणि हा कॅन्सर यांत गल्लत होऊ शकते. शिवाय हा कॅन्सर नस धरून चढतो: टाळूच्या नसेवरून टेरिगोपॅलेटाइन फोसा (वरच्या जबड्यामागची पोकळी), पुढे फोरामेन रोटंडम (कवटीच्या तळाचं छिद्र), थेट मेंदूशेजारचा कॅव्हर्नस सायनस. म्हणून बधिरपणा, मुंग्या विचारायच्याच. आधी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय, मग गाठीच्या मधोमध खोल पंच बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा काढणं), मगच सुरी. पहिलं ऑपरेशन पुरेसं रुंद हवं, बहुतेकांना नंतर रेडिएशन. केमोच्या भरवशावर राहू नका.

या कॅन्सरचं नाव आठवलं नाही म्हणून घाबरू नका. अशी केस रोज येत नाही. नाव पॅथॉलॉजिस्ट सांगतील. माझं ऐकाल तर आठवड्यातून एक दुपार त्यांच्या मायक्रोस्कोपशेजारी बसा, एवढं कुठलं पुस्तक शिकवत नाही. स्लाइडचा मोबाइलवर काढलेला फोटो सिनियरला पाठवून मत मागणं मात्र सोडा. शंका असेल तर ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड सरळ परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात पाठवा. आणि सर "बघून घे" म्हणाले, तर ते स्वतः बघणार नाहीयेत, हेही ओळखा.

मावशींचं पुन्हा ऑपरेशन झालं, रेडिएशनही. हा आजार दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात उगवतो, म्हणून त्या अजून तपासणीला येतात. फाइल उघडण्याआधी मी चहाचं विचारते.