वचनाच्या आधीचं आणि नंतरचं

चर्चमध्ये संदेश ऐकायला बसते तेव्हा माझ्या मांडीवर एक छोटी वही असते. मुद्दे उतरवत नाही, फक्त बायबलच्या वचनांचे आकडे लिहिते. घरी आल्यावर ते वचन काढायचं आणि त्याच्या आधीची दहा, नंतरची दहा वाचायची. खोटा शिक्षक ओळखायचं माझं मुख्य हत्यार एवढंच, आणि तेही फसल्यावर हाती आलं.

एक उपदेशक वर्षभर आम्हाला यिर्मया 29:11 ऐकवत होते: देवाचे संकल्प तुमच्या हिताचे आहेत. ‘यंदा दार उघडणार, आधी विश्वासाचं बी पेरा.’ बी म्हणजे पैसे. मीही पेरलं, उसने घेऊन. ते फेडता फेडता एका रात्री चिडून तो अध्याय पहिल्यापासून वाचला. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना लिहिलेलं पत्र निघालं ते! दहाव्या वचनात मुदत आहे सत्तर वर्षांची, म्हणजे ऐकणाऱ्यांतले कितीतरी तिथेच मरणार. आणि आठव्या-नवव्यात? तुमच्यातल्या संदेष्ट्यांना भुलू नका, मी त्यांना पाठवलेलं नाही. ज्या पत्रातलं वचन दाखवून मला गंडवलं, त्यातच दोन-तीन वचनं आधी हा इशारा होता. मग 28 वा अध्याय वाचला. तिथे हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगतो, बाबेलात नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर तसंच करो’ म्हणतो. मला हे फार भावतं. गोड बातमी खरी ठरावी असं त्यालाही वाटत होतंच, पण ती देवाची नव्हती.

योहानाच्या तिसऱ्या पत्रातल्या दुसऱ्या वचनाचंही तसंच. ‘तुला सर्व गोष्टींत बरकत येवो’ ही गायसला पत्राच्या सुरुवातीला दिलेली सदिच्छा आहे. आपण पत्रात ‘तब्येत ठीक असेल’ लिहितो, त्याची कोणी हमी मागत नाही.

अर्धवट वचन फेकण्याची युक्ती जुनी आहे. मंदिराच्या शिखरावर सैतानाने येशूला 91 वं स्तोत्र म्हणून दाखवलं, त्यातले ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द मात्र गाळले. इसवी सन 180 च्या सुमारास इरेनियस या बिशपने अशा शिक्षकांसाठी एक दाखला दिला: रत्नं जडवून केलेलं राजाचं चित्र कोणी मोडतं, तीच रत्नं लावून कोल्हा करतं आणि म्हणतं, हाच राजा. रत्नं खरीच असतात, म्हणून तर लोक फसतात.

‘पण त्यांच्या हातून चमत्कार होतात ना?’ हा प्रश्न मला हमखास येतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 18 वा अध्याय सांगतो, भाकीत खरं ठरलं नाही तर तो संदेष्टा देवाचा नव्हे. पण त्याच पुस्तकाचा 13 वा अध्याय त्याहून कडक आहे: चिन्ह खरं ठरलं तरी तो दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नका. मत्तय 7 मध्येही चमत्कार करणाऱ्यांना प्रभू ‘मला तुमची ओळख नाही’ म्हणतो. म्हणून फळं पाहायची ती वागण्यातली, आणि त्याला वेळ द्यायचा. ज्याच्याकडून काहीच मिळण्यासारखं नाही अशा माणसाशी हे गृहस्थ कसे बोलतात ते पाहा. आणि सभेतून उठताना आपल्या तोंडी ख्रिस्ताचं नाव जास्त येतं की व्यासपीठावरच्या माणसाचं, तेही.

ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख सांगणाऱ्यासाठी मत्तय 24:36 पुरे: तो दिवस कोणालाच ठाऊक नाही. उपदेशकांनी सांगितलेली 22 ऑक्टोबर 1844 गेली, 21 मे 2011 ही गेली.

पैशाबाबत आद्य मंडळी आपल्यापेक्षा सावध होती. ‘दिदाखे’ या प्राचीन शिक्षणग्रंथात स्पष्ट आहे: आलेला प्रेषित तिसऱ्या दिवशीही मुक्काम ठोकून असेल किंवा निघताना पैसे मागेल, तर तो खोटा. वाटेसाठी भाकर द्यावी, बस.

शंका आली की आधी त्यांनाच एकांतात विचारा. आद्य मंडळीतला उपदेशक अपुल्लो याचं शिक्षण अपुरं होतं, तर प्रिस्किल्ला आणि अक्विला या जोडप्याने त्याला जवळ घेऊन समजावलं आणि त्याने ऐकलं. चुकणारा प्रत्येक जण लांडगा नसतो. मी आमच्या त्या उपदेशकांना विचारलं, तेव्हा उत्तर आलं, ‘अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्याला, हात लावू नका.’ वहीत आकडा लिहिला: स्तोत्र 105:15. घरी उघडलं, तर ती अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्यासाठी राजांना दिलेली ताकीद. प्रश्न विचारू नका असं तिथे कुठेच नाही. उलट 1 करिंथ 14:29 मध्ये, संदेष्टे बोलतील तेव्हा इतरांनी पारख करावी, असं आहे.

मागच्या महिन्यात बायबल स्टडी घेताना मी ठणकावून म्हटलं, ‘पैसा हे सगळ्या वाइटाचं मूळ.’ मागून एका कॉलेजातल्या मुलीने हात वर केला. ‘काकू, तिथे द्रव्याचा लोभ असं आहे.’ माझे कान तापले. मग वही काढली आणि लिहून घेतलं: 1 तीमथ्य 6:10.