गरिबाशी रोजच्या रोज कसं वागायचं: सुरुवात वावरातून करा

सलाम मंडळी. नाताळ जवळ आला की आमच्या चर्चमधे दरवर्षी तीच मीटिंग होते, यंदा ब्लँकेट किती घ्यायचे अन् कोणत्या वस्तीत वाटायचे. वाटा ना, थंडी असतेच, माझा काही विरोध नाही. पण ज्याला एक दिवस ब्लँकेट देतो त्याच माणसाशी बाकीचे ३६४ दिवस आपण कसं वागतो याची मीटिंग कधी झाली नाही, म्हणून म्हटलं लिहून टाकावं. मी काही पाळक नाही, सात एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस सोयाबीन तूर, अन् खाली जे सांगून राहिलो त्यातलं बरंचसं आधी चुकलो मग शिकलो असं आहे.

पहिलं काम मजुरीचं, दानधर्म नंतर. दोन वर्षांमागे कापसाच्या पहिल्या वेचणीला चार बाया होत्या. संध्याकाळी काटा केला, एका मावशीचे ४१ किलो भरले, किलोमागे दहा रुपये म्हणजे ४१० झाले, अन् माझ्याकडे नुसत्या पाचशेच्या नोटा. म्हटलं मावशी उद्या देतो, सुटे नाहीत. "हाव, देजा," म्हणाली अन् गेली. उद्याचं परवा झालं, परवाचं तेरवा. बुधवारी आमच्या गावचा बाजार, त्या दिवशी दिवेलागणीला ती फाटकाशी येऊन उभी राहिली. पैशाचं नाव नाही काढलं. "बाई हाये का घरी?" एवढंच विचारलं. काखेत बाजाराची थैली होती, चौघडी करून दाबलेली, रिकामी. अन् बाजार तर सहालाच उठतो.

पैसे दिले लगेच, पण ती थैली काही डोक्यातून जाईना. बायबलात अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात १४-१५ ओवी काढून पहा, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या असं सरळ लिहिलेलं आहे, कारण तो गरीब आहे अन् त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. याकोब तर आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात म्हणतो की शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते. लहानपणापासून ऐकतो हे, पण तो मजूर मला तिकडचा कुठला इस्राएलातला वाटायचा, फाटकातली मावशी नाही.

तर आता मी काय करतो. वेचणी सुरू व्हायच्या आधी बँकेतून शंभर-पन्नासच्या नोटा आणून ठेवतो. भाव सकाळीच सांगतो, दवाचा कापूस असला अन् काही कापायचं असलं तर तेही सकाळीच, संध्याकाळी काट्यावर नाही. काट्याचा आकडा तिच्या बाजूनं फिरवून दाखवतो. अन् फोनवर पैसे टाकायची ज्यांना सवय लागली त्यांनी एक गोष्ट विचारावी, फोन कोणाजवळ आहे. बहुतेक मावश्यांच्या घरी फोन पोराजवळ असतो, पैसे पोराच्या खात्यात जातात अन् तिथून पुढं कुठं जातात ते तुम्हालाही माहीत अन् मलाही. तिच्या हातात द्या.

दुसरं, सरवा. बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात देवानं शेतकऱ्याला सांगितलं की कोपरे पूर्ण कापू नको, पडलेलं उचलू नको, ते गरिबासाठी अन् परक्यासाठी राहू दे. रूथ तशीच बवाजच्या शेतात सरवा वेचायला गेली होती, परकी बाई, विधवा, सोबत म्हातारी सासू. आपल्याकडे सोयाबीन सोंगून थ्रेशर निघून गेलं की बाया-पोरं टोपली घेऊन येतात, झडलेल्या शेंगा वेचतात, आधी पाल्याखाली हात घालतात कारण दाणे तिथंच लपलेले असतात. याला सरवाच म्हणतात, बायबलात तोच शब्द आहे, याचं मला अजूनही नवल वाटते. मग वावराचा मालक धुऱ्यावर उभा राहून "कोण आहे रे तिकडं" करून ओरडतो. मीही ओरडलोय. ओरडू नका. बवाजनं तर आपल्या गड्यांना सांगितलं होतं की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं काढून टाका अन् तिला बोलू नका. मुद्दाम टाकायचं, अन् तिला कळूही द्यायचं नाही की मुद्दाम टाकलं, यातच सगळी मेख आहे. अन् दुपारी त्यानं तिला जेवायला आपल्या लोकांत बसवलं, भाजलेलं धान्य दिलं (आपला हुरडाच समजा), ती पोटभर जेवली अन् उरलेलं सासूला घेऊन गेली.

तसंच पऱ्हाट्यांचं. कापूस संपल्यावर पऱ्हाट्या उपटून बोंडअळीच्या भीतीनं लोक पेटवून देतात. ज्याच्या घरी सिलेंडर भरायला पैसे नाहीत त्याच्यासाठी ते सहा महिन्यांचं सरपण असते. पेटवायच्या आठ दिवस आधी वस्तीत एक शब्द टाकून द्या, घेऊन जा म्हणून. बंडी रिकामी जात असेल तर बंडीत टाकून पोचवा, खर्च काहीच नाही.

फवारणीचं मात्र जरा थांबून वाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर मेले, आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तरी आजही आपण गड्याच्या पाठीवर पंप देतो अन् तोंडाला त्याचा त्यानं दुपट्टा बांधायचा. मास्क, हातमोजे, चष्मा हे मालकानं आणायचं, दोन फवाऱ्याच्या औषधापेक्षा स्वस्त येते. वाऱ्याच्या उलट दिशेनं चालायला लावू नका, भर उन्हात नको, दोन-तीन औषधं मिसळून काढा करू नका, अन् काम झाल्यावर साबण अन् बादलीभर पाणी वावरातच ठेवा. नाहीतर तो तेच कपडे घालून घरी जातो अन् लेकरू येऊन गळ्यात पडते. त्याच्यासाठी रविवारी प्रार्थना करता ना, मग सोमवारी मास्क द्या.

आता पाणी. एप्रिल-मे मधे आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, माठ दाराशी ठेवायची चाल जुनी आहे, चांगली आहे. पण एक पहा, घरात येणाऱ्या पाहुण्याला स्टीलचा ग्लास अन् कामवाल्याला ओंजळीत वरून ओतायचं, किंवा खिडकीत वेगळा कप, हे आपल्या ख्रिस्ती घरात पण आहे, खोटं कशाला बोलायचं. बाप्तिस्मा झाला म्हणून हे आपोआप जात नाही. ग्लास तोच द्या. अन् चर्चमधे सोन्याची अंगठीवाला आला तर पुढची खुर्ची अन् फाटका आला तर तिकडं उभा राहा, याकोबानं दुसऱ्या अध्यायात हेच पकडलेलं आहे. आमच्याकडे कापणीच्या सणाला वस्तूंचा लिलाव होतो, एकेक भोपळा पाचशेला जातो अन् टाळ्या पडतात, अन् जी म्हातारी दोन कणसं घेऊन आलेली असते तिची कणसं कोणी उचलत नाही. तिचीच आधी पुकारा.

कागदपत्रं हा कंटाळवाणा विषय आहे पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोगाचा, पैसे नसलेला माणूस पण करू शकतो. रेशनच्या मशीनवर म्हाताऱ्या मजुरांचा अंगठा उमटत नाही, आयुष्यभर निंदण-वेचणी करून रेषाच घासून गेलेल्या असतात, मग बिचारी तीन चकरा मारते अन् गप्प घरी बसते. अंत्योदय कार्ड असलं तर महिन्याला ३५ किलो धान्य फुकट आहे, ते सुटू देऊ नका, सोबत जाऊन उभे राहा, शिकलेला माणूस सोबत असला की दुकानदाराची भाषा बदलते हे मी डोळ्यानं पाहिलं. निराधार विधवांना संजय गांधी निराधार योजनेत अन् ६५ वर्षांवरच्या निराधार म्हाताऱ्यांना श्रावणबाळ योजनेत महिन्याला १५०० रुपये मिळतात, तहसीलला अर्ज करायचा, उत्पन्नाचा दाखला लागतो. ऑपरेशन निघालं तर आधी सावकाराकडे नका जाऊ देऊ, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंत इलाज होतो, कोणत्या दवाखान्यात होतो ते विचारून द्या. रात्री-बेरात्री १०८ लावा, अन् लावल्यावर गाडी येईपर्यंत तिथं थांबा, नुसता नंबर सांगून निघून जाऊ नका.

ज्या घरात शेतकऱ्यानं जीव दिला त्या घरी कसं जायचं, हे मला अजून पूर्ण जमत नाही. एवढं कळलं की काहून केलं, कर्ज किती होतं, हे विचारायचं नाही. अन् आत्महत्या पाप आहे का याची चर्चा तर त्या ओसरीवर बसून अजिबात करायची नाही, आमच्यातल्या एकानं केली होती, मी शरमेनं मान खाली घालून बसलो. पहिले तेरा दिवस सगळे येतात. तुम्ही तिसऱ्या महिन्यात जा, डवरणीच्या (कोळपणीच्या) टायमाला, बैलजोडी घेऊन. अर्धा दिवस त्या घरच्या बाईचं वावर डवरून द्या. सरकारची एक लाखाची मदत मिळते, ३० हजार हातात अन् ७० हजार ठेवीत, त्या फाईलचं कुठं अडलं ते पहा. अन् घरातलं दुसरं कोणी गप्प गप्प वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतः लावून द्या.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, काही लोकांना आवडणार नाही. मदतीसोबत पत्रक देऊ नका. ब्लँकेटच्या घडीत सुवार्तेचा कागद, तांदळाच्या आधी प्रार्थना, अन् मग सगळ्यांचा एक फोटो, हे बंद करा. एकतर गावात लगेच चर्चा होते की धर्म बदलवायला आले, दुसरं म्हणजे भुकेल्या माणसाला नाही म्हणायची सोयच राहत नाही, तो तांदळासाठी डोळे मिटून बसतो. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये असं प्रभूनं सांगितलं, अन् आपण स्टेटसला टाकतो. कोणी विचारलं काहून करता, तर सांगा, लपवायचं नाही, पण विचारेपर्यंत थांबा.

अन् हे काम आपल्या ख्रिस्ती लोकांचंच आहे असंही समजू नका. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातले, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र हे त्यांनी हातात झाडू घेऊन सांगितलं, मत्तयच्या शुभवर्तमानात २५ व्या अध्यायात प्रभूनं हेच सांगितलं, शेजारी ठेवून पहा. त्यांची पुण्यतिथी २० डिसेंबर, नाताळाच्या पाच दिवस आधी. गावात त्या दिवशी साफसफाई निघते, आमच्या चर्चच्या तरुण संघाचे पोट्टे दोन वर्षांपासून झाडू घेऊन त्यात जातात, बॅनर न लावता. जा तुम्ही पण.

शेवटी, घ्यायला पण शिका. हे मला सगळ्यात जड गेलं. त्याच मावशीनं मागच्या माघात तुरीची डाळ आणून दिली, पावशेर असेल, माझ्याच वावरातल्या सरव्याची, घरी जात्यावर भरडलेली, टरफलं अजून चिकटून होती. मी म्हणत होतो, नको मावशी, तुम्हाला राहू द्या, तर बायकोनं मागून चिमटा घेतला. तिच्यासमोर डबा घेतला, रात्री वरण केलं, दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की चांगलं झालं. डबा वापस करताना त्यात लगेच साखर-चहापत्ती भरून हिशोब पुरा करायचा मोह होतो, तसं करू नका. चिमूटभर साखर टाका, रिकामा डबा देत नाहीत म्हणून, बस.