ब्रेकचा पार्ट दुरुस्त करायचा की बदलायचा? या चुका टाळा

पुढे डिस्क, मागे ड्रम अशी साधी हॅचबॅक घेऊन गॅरेजात गेलात की दोनपैकी एक सल्ला हमखास मिळतो. "सगळं बदलून टाकू, कटकट नको," नाहीतर "थोडं घासून देतो, अजून वर्षभर चालेल." दोन्हींत पार्ट मोजून बघायचं कुणाच्या मनातच नसतं. खरं तर ब्रेकच्या झिजणाऱ्या भागांची मर्यादा कंपनीने ठरवून दिलेली असते आणि डिस्क-ड्रमवर तर ती बहुतेक वेळा कोरलेलीच असते.

किलोमीटर बघून पॅड बदलणे

पुण्याच्या सिग्नलवर रोज घासणारी गाडी आणि महामार्गावर पळणारी गाडी यांचे पॅड सारखे झिजत नाहीत. नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे डिस्कला घासणारा थर, साधारण १० मिमी असतं. ते ३ मिमीवर आलं की बदलायची तयारी करा आणि २ मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला त्याच्या निम्मा उरलेला असू शकतो, म्हणून चाक काढूनच बघा.

आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये असा फरक दिसला तर नुसते पॅड बदलून भागत नाही. बहुतेक वेळा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिना जाम झालेल्या असतात आणि नवे पॅडही तसेच वाकडे झिजतात. पिना काढून साफ करणं, रबरी बूट फाटलेले असतील तर नवे टाकणं आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावणं, ही दुरुस्ती स्वस्त आणि करण्याजोगी आहे. बेअरिंगचं साधं ग्रीस मात्र नको, त्याने रबर फुगतं.

आणि ब्रेक किंचाळतात म्हणून पॅडवर तेल मारणारे लोक अजूनही भेटतात! बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ असते. लायनिंग संपत आलं की ती डिस्कला घासून मुद्दाम आवाज करते. तेल प्यायलेला पॅड पेट्रोलने धुऊन किंवा गॅसवर भाजून सुधारत नाही, तो फेकायचाच. चकाकी येऊन नुसता गुळगुळीत झालेला, पण जाडी शिल्लक असलेला पॅड हलक्या हाताने पॉलिश पेपरवर घासून वापरता येतो. बदलताना मात्र दोन्ही बाजूंचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

डिस्कला न मोजता फेस मारणे

डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी लिहिलेली असते. समजा नवी डिस्क २२ मिमी आणि मर्यादा २० आहे. तुमची २०.४ भरली आणि फेस मारताना, म्हणजे लेथवर सपाट करताना, प्रत्येक बाजूने ०.२ काढलं, की डिस्क थेट मर्यादेवर येते. म्हणजे मजुरी दिली आणि भंगार घेऊन आलात. छोट्या गाड्यांच्या डिस्क तुलनेने स्वस्त असतात, त्यामुळे जाडी भरपूर उरली नसेल तर मी टर्निंगच्या भानगडीत पडू नका असंच सांगेन. मोजताना व्हर्नियरवर विसंबू नका. कडेला न झिजलेली धार राहते, जबडे तिच्यावर टेकतात आणि जाडी जास्त दिसते. मायक्रोमीटर धारेच्या आत लावायचा, तोही चार-सहा ठिकाणी.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं की "डिस्क वाकडी झाली" असा निकाल लागतो. अनेकदा डिस्क आणि ती जिथे बसते तो हब यांच्यामध्ये गंज साचलेला असतो, किंवा नट कमी-जास्त आवळलेले असतात. आधी हब साफ करून नट ठरलेल्या टॉर्कने आवळा, डायल गेजने डिस्कची फेक, म्हणजे फिरताना ती किती डुलते, ते बघा आणि मगच खर्च करा. कडेपर्यंत गेलेला तडा दिसला तर चर्चा नको, डिस्क बदला. कोकणातल्या पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर येणारा तांबडा थर मात्र दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो.

ब्रेक ऑइल कमी झालं की वरून ओतणे

पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी थोडी उतरतेच. तेवढ्यासाठी ओतलंत तर नवे पॅड बसवताना ते बाहेर सांडून रंग खातं. पातळी भराभर उतरत असेल तर गळती शोधा. मागचा ड्रम उघडून व्हील सिलिंडरचे (ड्रममधले शू, म्हणजे घासणारे पट्टे, ढकलणारा सिलिंडर) बूट उचलून बघा.

गळती कुठेच नाही, तरी पाय दाबून ठेवला की पेडल हळूहळू खाली जातं? मग पेडलने ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे कप, म्हणजे रबरी सील, आतून गेलेत. इथे किट (नव्या कपांचा संच) टाकायचं की अख्खा सिलिंडर, हे बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, ठरवतं. बोअर गुळगुळीत असेल तर किट चालतं. नख अडकेल असा ओरखडा किंवा गंजाचे खड्डे असतील तर नवे कपही फार टिकत नाहीत. कॅलिपरच्या पिस्टनलाही हाच नियम. जुन्या गाडीत ब्रेकच्या लाइनमधली हवा (एअर) काढताना पेडल तळापर्यंत मारू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा. एरवी न वापरलेल्या खडबडीत भागावर कप गेले की चांगला सिलिंडरही त्या दिवशीच कामातून जातो.

वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरताना पेडल मऊ पडलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, अशी तक्रार आली की पॅड बदलले जातात. आधी ऑइलचा संशय घ्या. डॉट ४ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नव्याने किमान २३०° सेल्सिअस असतो, पण ३.७ टक्के पाणी शोषलं की ती हमी १५५° वर येते. उकळलेल्या ऑइलची वाफ दाबली जाते आणि पाय खाली जातो. दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदला.

अडकलेल्या चाकाचं खापर कॅलिपरवर फोडणे

रबरी होज आतून सुजला की ऑइल जातं, पण परत येत नाही. चाक अडकलेलं असतानाच ब्लीडर (ऑइल-हवा बाहेर सोडायचा स्क्रू) सैल करा. चाक सुटलं तर दाब आत कोंडलेला होता, होज तपासा. नाही सुटलं तर कॅलिपर किंवा पिना. होज आणि ब्रेकची लाइन कधीच जोडून, डाग देऊन वापरायची नाही.

दुचाकीचा आर्म सरकवणे

मागच्या ड्रमवर बाणाची खूण असते. पूर्ण ब्रेक दाबल्यावर बाण खुणेपाशी पोचला की शू संपले. काही मेकॅनिक तेव्हा ब्रेक आर्म एक दात पुढे बसवून पुन्हा अॅडजस्टमेंट मिळवून देतात. ब्रेक लागतो, पण शू फाकवणारा आतला कॅम जास्त फिरून अडकू शकतो आणि चाक जाम होतं. तिथे नवे शूच टाका, आणि ड्रममधला कमाल व्यासाचा आकडा त्याच वेळी बघून घ्या.