बॉक्सिंगचे ग्लोव्ह्ज घेताना आधी हात बांधा

मुंबईत धोबीतलावच्या खेळसामानाच्या दुकानांत ग्लोव्ह्ज बघायला जाताना आपले हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायच्या कापडी पट्ट्या, सोबत न्या. मोकळ्या हाताला नेमका बसलेला ग्लोव्ह रॅपवर आवळतो आणि मूठ पुरती मिटत नाही. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींवर बसायला हवा. सैल मुठीत तो करंगळीकडे सरकतो आणि तिच्या गाठीखालचं बारीक हाड मोडतं.

मोठ्यांना साडेचार मीटरचा, किंचित ताणणारा रॅप लागतो. अंगठ्यात फास अडकवा, मनगटाला तीन वेढे, गाठींवर तीन, मग बोटांच्या बेचक्यांतून काढून शेवट पुन्हा मनगटावर. बांधताना बोटं फाकवलेली हवीत, नाहीतर मूठ वळताच रॅप काचतो.

आता ग्लोव्ह चढवा. बोटांची टोकं वरच्या टोकाला जेमतेम टेकावीत, मूठ जोर न लावता वळावी. भिंतीवर मूठ टेकवून हळूहळू अंगाचा भार द्या. मनगट मुडपलं तर तो ग्लोव्ह नको, कितीही स्वस्त असला तरी. गाठींवरचा फोम बाहेरून अंगठ्याने दाबा. आतलं हाड हाताला लागलं तर तोही नको. अंगठा ग्लोव्हला जोडलेलाच हवा; मोकळा अंगठा मुरगळतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो. एकट्याने सराव करणार असाल तर वेल्क्रोच घ्या, लेस बांधायला दुसरं माणूस लागतं.

औंस म्हणजे ग्लोव्हचं वजन: 16 औंसचा एक ग्लोव्ह साधारण 450 ग्रॅम. ठोसे मारायची टांगती बॅग आणि जोडीदाराने हातात धरलेले पॅड यांना 12, तुमचं वजन सत्तर किलोच्या पुढे असेल तर 14. स्पारिंगला, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीला, 16. एकच जोडी परवडत असेल तर 16 घ्या, मात्र बॅगवर फोम दबून कडक झाला की ती स्पारिंगला वापरू नका. मार समोरच्याला बसतो. वाळू भरलेल्या बॅगेपासूनही सांभाळा: वाळू खाली बसते आणि तळ दगडासारखा होतो. तिथे पूर्ण जोराने मारू नका.

मुंबईच्या दमट हवेत ग्लोव्ह घामाने कुजतात, पावसाळ्यात आतून बुरशी धरते. घरी पोचताच पिशवीतून काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला आणि तोंड उघडं ठेवून पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात चामडं तडकतं. वॉशिंग मशीनमध्ये फक्त रॅप टाका, तेही दर सरावानंतर.