पेडल स्टील गिटार हार्मोनिकने लावताना या चुका टाळा

मोकळ्या तारा हार्मोनिकने (ठरावीक फ्रेटला तारेला हलका स्पर्श करून काढलेल्या उंच स्वराने) चोख जुळल्या, पण ए आणि बी पेडल दाबताच कॉर्ड खटकतो, ही तक्रार सर्रास ऐकू येते. अशा वेळी दोष सहसा कानाचा नसतो. कोणती तार कशावरून लावली आणि त्या वेळी पेडल कुठे होतं, तिथे गडबड झालेली असते. पुढचं सगळं दहा तारांच्या ई नाइन ट्यूनिंगबद्दल आहे. पहिल्या तारेपासून स्वर असे: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी. पायाने दाबायचं ए पेडल बी स्वराच्या तारा सी शार्पवर नेतं आणि बी पेडल जी शार्पच्या तारा ए स्वरावर नेतं.

एका तारेवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी

अशी साखळी केली की प्रत्येक कडीची बारीकशी चूक पुढे जाते आणि शेवटच्या तारेवर ती साठते. आठवी ई आधार धरा आणि शक्य तितक्या तारा थेट तिच्यावरून लावा. तिचा ५व्या फ्रेटचा हार्मोनिक चौथ्या तारेच्या १२व्याशी जुळतो. तिचा ७व्याचा पाचव्या तारेच्या १२व्याशी आणि दहावीच्या ५व्याशी जुळतो. तिचा ४थ्याचा सहावीच्या ५व्याशी आणि तिसरीच्या १२व्याशी. दुसरी डी शार्प मात्र दहावीवरून घ्या: दहावीचा ४था, दुसरीचा १२वा. स्वर नेहमी खालून वर चढवत आणा. वरून खाली आणलात तर खुंटीच्या दातांमधली ढिलाई तशीच राहते आणि तार थोड्या वेळात उतरते.

४थ्या फ्रेटच्या रेषेवर बोट ठेवणं

५व्या, ७व्या आणि १२व्या फ्रेटला रेषेवर स्पर्श केला तरी चालतं. ४थ्याला नाही. हा हार्मोनिक तारेच्या बरोबर एकपंचमांश अंतरावर असतो आणि रेषा त्याच्या पुढे असते. २४ इंची स्केलवर हा फरक जवळजवळ ४ मिलिमीटर आहे, म्हणून बोट तेवढं नटकडे, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाकडे सरकवा. रेषेकडे तिरकं न बघता सरळ वरून बघा, तार छेडताच बोट उचला आणि बार (तारांवर धरायची पोलादी दांडी) बाजूला ठेवा. तरीही आवाज फुटका येत असेल किंवा बीट्स (दोन स्वर किंचित वेगळे असले की ऐकू येणारी थरथर) एकसारखे न येता वेडेवाकडे येत असतील, तर तार जुनी झाली आहे. ती बदला. तसल्या तारेवर कितीही वेळ घालवला तरी ती लागत नाही.

एफ शार्प दोन्हीकडे शुद्ध करू पाहणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. दहावीच्या ७व्या फ्रेटवरून सातवी एफ शार्प (तिचा १२वा) लावली की ती बीशी बिनबीट जुळते. मग ए-बी दाबा आणि तीच तार ए पेडलच्या सी शार्पबरोबर वाजवा. सुमारे २२ सेंट चढी निघेल (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). लावण्यात चूक झालेली नाही, शुद्ध स्वरांच्या गणितातच तेवढी फट आहे. ती बुजत नाही, वाटून घ्यावी लागते. दहावीशी सेकंदाला साधारण दोन बीट्स ऐकू येईपर्यंत सातवी उतरवा. म्हणजे ती अंदाजे १० सेंट खाली येते आणि दोन्ही ठिकाणी खपून जाते. पहिली तार सातवीच्या ५व्यावरून लावा (पहिलीचा १२वा). सी पेडलचा (ते चौथी एफ शार्पवर आणि पाचवी सी शार्पवर नेतं) एफ शार्प मात्र सातवीवरून लावू नका. सी पेडल दाबून चौथीचा ७वा आणि पाचवीचा ५वा जुळवा. तो सातवीपेक्षा उतरा येईल आणि तसाच हवा.

पेडल न दाबता ई पक्की करणं

ए-बी दाबले की तारांचा एकूण ताण वाढतो, बॉडी किंचित वाकते आणि ई काही सेंट उतरते. आठवीचा १२वा वाजवून तो घुमत असतानाच दोन्ही पेडल दाबा, घसरण ऐकू येईल. ई थोडी चढी ठेवून ही घसरण दोन्ही स्थितींत वाटून टाका. मग दोन्ही पेडल दाबून धरूनच पेडलच्या रॉडचे नायलॉनचे नट फिरवा. आधी सहावीचा ७वा आठवीच्या ५व्याशी जुळवा, म्हणजे ए लागला. त्यानंतर सहावीचा ४था आणि पाचवीचा ५वा जुळवा, म्हणजे सी शार्प लागला. ई ते एफ लीव्हर (गुडघ्याने ढकलायचा) ए पेडल दाबूनच लावायचा: पाचवीचा ४था, चौथीचा ५वा. हा एफ ट्यूनरवर जवळजवळ ३० सेंट उतरा दिसतो. त्याला वर ओढू नका.

नायलॉनचा नट आवळत राहणं

ऑल-पुल गिटारवर (जिथे प्रत्येक स्वरबदल रॉड ओढून होतो) ही चूक फार महागात पडते. स्वर वर जात नाही म्हणून नट आवळत गेलात तर पेडल मोकळं असतानाही रॉड ताणलेलाच राहतो आणि चेंजरचं (तारेचा ताण बदलणाऱ्या यंत्रणेचं) बोट मूळ जागी परत येत नाही. मग मोकळी तार चढी वाजते. तुम्ही ती खुंटीने उतरवता, त्यामुळे पेडलचा स्वर आणखी कमी पडतो आणि नट पुन्हा आवळला जातो. स्वर उतरवणाऱ्या लीव्हरच्या नटचं उलट होतं: मोकळी तार उतरी राहते. पेडल सोडल्यावर नटजवळ किंचित ढिलाई हाताला लागली पाहिजे. ती नसेल तर नट सैल करा आणि पेडलच्या स्टॉपवर जास्त चाल द्या. पुश-पुल गिटारची रचना वेगळी असते, तिला हा क्रम लावू नका. लावायला बसण्याआधी प्रत्येक पेडल आणि लीव्हर चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे रोलरवर अडकलेला ताण सुटतो.

पियानोसोबत वाजवताना जी शार्प तसाच सोडणं

हार्मोनिकने लावलेला जी शार्प पियानोच्या जी शार्पपेक्षा सुमारे १४ सेंट उतरा असतो. एकट्या स्टीलवर तो फार गोड लागतो, पियानोच्या शेजारी मात्र रडका वाटू शकतो. आठवीचा ४था आणि सहावीचा ५वा एकत्र वाजवून सहावी वर न्या. सेकंदाला साडेसहा बीट्स झाले की तुम्ही पियानोच्या स्वरावर पोहोचलात. सेकंदाला तीनच्या आसपास थांबणं जास्त बरं, कारण तिथे स्टीलचा गोडवा टिकतो आणि पियानोशी भांडणही होत नाही. सहावी हलवली की तिसरीही तिच्यावरून पुन्हा लावा. मोकळी तार चढली की पेडलचा ए सुद्धा चढतो, म्हणून बी पेडलचे दोन्ही नट परत तपासा.