उसने खेळाडू, उसना वेळ: अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये स्पेशल टीम्स कोच व्हायचं तर

स्पेशल टीम्स म्हणजे किकच्या प्रसंगी मैदानात उतरणाऱ्या तुकड्या. अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या स्पेशल टीम्स कोचकडे हक्काचे खेळाडू मोजकेच असतात: किकर, पंटर (हातातून सोडलेला चेंडू लाथेने लांब मारणारा, त्या किकला पंट म्हणतात), लाँग स्नॅपर (पायांमधून चेंडू मागे फेकणारा, हा फेक म्हणजे स्नॅप) आणि त्यांचे राखीव. बाकी सगळे उसने. पंटमागे धावणारा लाइनबॅकर डिफेन्सचा, किक परतवणारा रिसीव्हर ऑफेन्सचा, आणि सरावाची मिनिटंसुद्धा या दोघांकडून मागून घेतलेली. त्यामुळे किकचं तंत्र जितकं पक्कं हवं, तितकंच दुसऱ्यांची माणसं मागून घेऊन ठरल्या वेळेला परत करणंही जमायला हवं. या पेशातली बरीचशी भांडणं तिथेच होतात.

शिरायचं कसं

तुम्ही किकर किंवा पंटर असायलाच हवं असं नाही. लाइनबॅकर आणि सेफ्टी (दोन्ही डिफेन्सच्या जागा) म्हणून खेळलेले बरेच जण या कामात दिसतात, कारण त्यांनी किकऑफच्या (खेळ सुरू करणाऱ्या किकच्या) तुकडीत धावून काढलेलं असतं. नेहमीची वाट अशी: पदवी घेताना विद्यार्थी सहायक, मग ग्रॅज्युएट असिस्टंट, मग ॲनालिस्ट (फिल्म आणि आकडे अभ्यासणारा) किंवा लहान कॉलेजात पूर्णवेळ सहायक कोच. ग्रॅज्युएट असिस्टंटला पदव्युत्तर अभ्यासक्रमात नाव घालावं लागतं. फी माफ किंवा कमी होते आणि वर थोडं मानधन मिळतं. काम मात्र दिवसभराचं: प्रतिस्पर्ध्याच्या प्रत्येक पंटची फिल्म कापणं, स्काउट टीमसाठी (सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणाऱ्या खेळाडूंसाठी) कार्डं काढणं, स्टॉपवॉच हातात धरणं. हे काम कंटाळवाणं वाटलं तरी टाळू नका. शंभर पंट हाताने मोजल्याशिवाय डोळा तयार होत नाही.

दोन नियमबदल लक्षात ठेवा. २०१८ पासून सर्वोच्च विभागातल्या संघांना दहावा सहायक कोच नेमता येऊ लागला आणि कित्येक कॉलेजांनी ती जागा स्पेशल टीम्सला दिली. २०२४ मध्ये मैदानावर शिकवण्याची मुभा बाकीच्या फुटबॉल स्टाफलाही मिळाली. आधी ॲनालिस्टला खेळाडूला तंत्र सांगता येत नसे, आता येतं. बाहेर जाऊन रिक्रूटिंग (हायस्कूलचे खेळाडू निवडून आणणं) करणाऱ्यांची संख्या मात्र अजून मर्यादित आहे. म्हणून ॲनालिस्टची जागा आली तर तिला दुय्यम समजू नका.

दुसरी एखादी पोझिशन शिका, आणि तीही विचारपूर्वक निवडा. टाइट एंड, रनिंग बॅक, लाइनबॅकर, सेफ्टी यांपैकी एक घ्या, कारण धावणाऱ्या तुकड्यांना लागणारी माणसं याच गटांतून येतात. लहान कॉलेजात तर फक्त स्पेशल टीम्ससाठी वेगळा पगार क्वचितच असतो. फुटबॉल कोचेसच्या राष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन दर जानेवारीत भरतं. रिकाम्या जागांची खरी बोलणी तिथल्या लॉबीत होतात.

स्टॉपवॉच काय सांगतं

पंटमध्ये पंटर स्नॅपरपासून १४ ते १५ यार्ड मागे असतो. चेंडू त्याच्या हातात ०.७५ सेकंदात पोचला पाहिजे आणि हातातून पायावर १.३ सेकंदात गेला पाहिजे. एकूण दोन सेकंदांच्या आसपास. २.२ झाले तर ब्लॉकची (प्रतिस्पर्ध्याने किक अडवण्याची) वेळ जवळ आली समजा. पण नुसतं ‘लवकर मार’ म्हणून भागत नाही. दोन्ही तुकडे वेगवेगळे मोजा. स्नॅप ठीक असेल आणि पंटर उशीर करत असेल, तर बहुतेकदा तो चेंडूची शिवण हातात फिरवत बसलेला असतो किंवा एक पाऊल जास्त टाकत असतो. हाताने मोजताना सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक सहज होते. तीच फिल्म तीनदा मोजून सरासरी घ्या.

हँग टाइमचा (चेंडू हवेत राहण्याच्या वेळेचा) ढोबळ हिशेब सोपा आहे: ४५ यार्डांच्या पंटला ४.५ सेकंद. ५२ यार्डांचा पण ३.९ सेकंदांचा पंट आकड्यांत सुंदर दिसतो, पण तो परतवणाऱ्याच्या हातात पडतो तेव्हा तुमचे गनर (कडेने त्याच्याकडे धावणारे) अजून लांब असतात.

कॉलेजचा नियम व्यावसायिक लीगपेक्षा वेगळा आहे. इथे स्नॅप होताच पंटिंग संघातल्या कोणालाही खाली धावता येतं, तिथे चेंडू पायाला लागेपर्यंत फक्त कडेचे दोघे सुटू शकतात. म्हणूनच कॉलेजात शील्ड पंट रुजला: पंटरच्या पुढे तिघांची भिंत, आणि बाकीचे किंचित अडवून सुटतात. यात सर्वाधिक बिघडतं ते भिंतीचं अंतर. धडक बसली की तिघे मागे सरकतात, पंटर पुढे येतो आणि चेंडू आपल्याच माणसाच्या पाठीवर आदळतो. सरावात भिंतीच्या टाचांमागे जमिनीवर पट्टी टाका आणि तिच्यामागे गेलेलं प्रत्येक पाऊल मोजा. रग्बी पद्धतीने पळत मारणाऱ्या पंटरला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: टॅकल बॉक्सच्या (स्नॅपरच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक पट्ट्याच्या) बाहेर चेंडू नेला की किकर म्हणून मिळणारं संरक्षण संपतं.

फील्ड गोलला (गोलपोस्टमधून चेंडू मारायच्या किकला) होल्डर, म्हणजे चेंडू जमिनीवर धरणारा, ७ ते ८ यार्ड मागे असतो. स्नॅपपासून किकपर्यंत १.३ सेकंद. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कमधलं (मैदानावरच्या लहान खुणांच्या दोन ओळींमधलं) अंतर ४० फूट आहे आणि गोलपोस्टची रुंदी १८ फूट ६ इंच. म्हणजे हॅशवरून मारलेल्या जवळच्या किकला कोन चांगलाच तिरका पडतो. सरावाच्या निम्म्या किक तरी दोन्ही हॅशवरून घ्या. जादा गुणाच्या किकसाठी चेंडू हॅशच्या मध्ये कुठेही ठेवून मागता येतो. किकरला आवडती जागा आधीच विचारून ठेवा.

रिक्रूटिंग करताना फसगत होते ती टीमुळे (चेंडू ठेवायच्या छोट्या स्टँडमुळे). हायस्कूलला फील्ड गोलसाठी टी चालते, कॉलेजात १९८९ पासून चालत नाही. मुलाची फिल्म जमिनीवरून मारलेल्या किकची मागा. टीवरून ५० यार्ड मारणारा मुलगा गवतावरून चेंडूच्या वरच्या भागावर पाय मारतो आणि किक खाली राहून लाइनमध्ये अडते.

माणसं आणि मिनिटं

हंगामात खेळाडूंचा वेळ आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास, एवढाच घेता येतो. त्यातून तुमच्या वाट्याला रोज दहा-पंधरा मिनिटांची मीटिंग आणि पाच-पाच मिनिटांचे दोन-तीन सराव येतात. म्हणून दिवसाला एकच तुकडी: मंगळवारी पंट आणि पंट रिटर्न, बुधवारी किकऑफच्या दोन्ही बाजू, गुरुवारी फील्ड गोल, ब्लॉक आणि हँड्स टीम (मुद्दाम छोटी मारलेली ऑनसाइड किक पकडणारी तुकडी). मीटिंगमध्ये तीन क्लिप दाखवा. बारा दाखवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

एक मोठा तक्ता करा: उभ्या ओळीत खेळाडू, आडव्या ओळीत सहा तुकड्या. पहिल्या फळीतला सेफ्टी चार तुकड्यांत असेल आणि तो जखमी झाला, तर एका क्षणात चार खिंडारं पडतात. प्रत्येक खिंडाराला आधीच नाव लिहिलेलं हवं. एकच नंबर घालणारे दोघे एकाच तुकडीत आले तर दंड, तो तपास दर आठवड्याला करा. अकराऐवजी दहा जण उतरणं ही सर्वात लाजिरवाणी चूक, आणि ती बहुतेकदा तिसऱ्या डाऊनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) ‘पंट, तयार’ अशी हाक न दिल्याने होते.

हंगामाआधी हेड कोचसमोर ऑफेन्स आणि डिफेन्सच्या कोऑर्डिनेटरना बसवून ठरवून घ्या: पहिल्या फळीतले कोण मिळतील, किती तुकड्यांसाठी. व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रँक बीमर हेड कोच असूनही स्पेशल टीम्समध्ये स्वतः लक्ष घालत, त्यामुळे तिथे चांगली माणसं मिळवायला कोणाशी झगडावं लागत नसे. सगळीकडे तसं नसतं.

दोन क्लिप ज्या दरवर्षी दाखवाव्यात

३० नोव्हेंबर २०१३. अलाबामाने शेवटच्या सेकंदाला ५७ यार्डांचा फील्ड गोल मारला, तो अपुरा पडला. ऑबर्नने एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात) उभा केलेला ख्रिस डेव्हिस चेंडू घेऊन संपूर्ण मैदान धावला, ऑबर्न ३४–२८ ने जिंकलं. फील्ड गोलच्या तुकडीत अडवणारे जाडजूड लाइनमन असतात, धावून पकडणारे नसतात. लांबच्या किकला कडेला दोन चपळ माणसं घाला, आणि ‘किक झाली की पसरा’ हे तालमीत घ्या.

दुसरी १७ ऑक्टोबर २०१५ ची. मिशिगन २३–२१ ने पुढे, दहा सेकंद बाकी. पंटरच्या हातून स्नॅप सुटला. तो उचलून मारायच्या प्रयत्नात चेंडू मिशिगन स्टेटकडे गेला आणि सामना २७–२३ असा फिरला. पुढे असताना शेवटच्या सेकंदांत चेंडू सुटला तर त्याच्यावर पडायचं, एवढं एक वाक्य पंटरच्या अंगवळणी पाडा. ते ओल्या चेंडूने, मुद्दाम खाली स्नॅप देऊन घोटवा.

नोकरी टिकवताना आणि बदलताना

हेड कोच गेला की साधारण सगळा स्टाफ जातो, तुमची तुकडी कितीही चांगली असली तरी. डिसेंबर-जानेवारीत जागा भराभर भरतात, म्हणून फाइल नोव्हेंबरातच तयार ठेवा. त्यात प्रत्येक तुकडीचं एक पान, आठवड्याचं वेळापत्रक आणि नेट पंटिंगचे (परतवलेलं अंतर वजा करून उरलेल्या यार्डांचे) तीन वर्षांचे आकडे. सोबत एक बिघडलेली तुकडी कशी सुधारली त्याच्या आधीच्या-नंतरच्या क्लिप. वरच्या जागाही बंद नाहीत: जॉन हार्बो सिनसिनाटी आणि इंडियानात स्पेशल टीम्स सांभाळून पुढे बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघाचे हेड कोच झाले.

मुलाखतीत फळ्यावर नेहमी एक प्रसंग देतात: चौथा डाऊन, आठ यार्ड हवेत, प्रतिस्पर्ध्याच्या ३८ यार्डांच्या रेषेवर, वारा समोरून. उत्तराआधी किकरची त्या वाऱ्यातली मर्यादा विचारा. ३८ वरून किक (एंड झोनचे १० आणि होल्डरमागचे ७-८ यार्ड मिळवून) ५५ ते ५६ यार्डांची होते, आणि ती सामन्याआधीच्या सरावात त्या टोकाला गेली होती का, हे तुम्ही कोणत्या कागदावर लिहून ठेवता ते तिथेच दाखवा.